नव्याण्णव टक्क्यांची साक्ष

खोटे बोलू नये ही शिकवण सगळ्या धर्मांत आहे आणि सगळ्या घरांतही आहे. पण एकही शब्द खोटा न बोलता समोरच्याला फसवता येते, हेही माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुधात पाणी घालणारा गवळी 'हे दूध आमच्याच म्हशीचे आहे' असे सांगतो, तेव्हा त्याचे वाक्य खरेच असते. म्हैस त्याचीच असते. अशा खऱ्या वाक्याची नैतिक किंमत काय, हा प्रश्न जुना आहे. आज तो सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांच्या अहवालात येऊन बसला आहे. विषय रूक्ष वाटेल, पण वाचकांनी थोडा धीर धरावा. कारण या अहवालाच्या दुसऱ्या टोकाला खिडकीसमोर उभा असलेला माणूस आहे.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वणी, मारेगाव, झरी जामणीपासून पुसद, उमरखेड, महागावपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीकविमा, कर्जमाफी, रेशन ही सगळी कामे आता संगणकाच्या तारेला बांधलेली आहेत. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेला मंजुरी दिली. राज्याची राजधानी, जिल्हा आणि तालुका यांना किमान दोन मेगाबिट वेगाच्या जाळ्याने जोडायचे, असा तिचा हेतू होता आणि त्यासाठी ३,३३४ कोटी रुपयांची तरतूद होती. ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तार नेण्याची योजना मंजूर झाली. २०१५ पासून ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाते.

जाळे उभे राहिले की ते चालू आहे की बंद, हे पाहणारा कोणीतरी हवा. ते कामही यंत्रच करते. मध्यवर्ती ठिकाणचा संगणक दर काही मिनिटांनी जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला हाक मारतो. पलीकडून 'ओ' आली की यंत्र चालू, नाही आली की बंद. या हाका आणि त्यांची उत्तरे मोजून महिन्याअखेर टक्केवारी निघते. कचेरीच्या भाषेत तिला 'अपटाइम' म्हणतात. राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेत चालकाला दर तिमाहीस मिळणारे पैसे या सेवेच्या दर्जाशी बांधलेले होते, आणि मोजणी नीट होते की नाही हे पाहायला तिसऱ्या पक्षाचा तपासनीस नेमायचा, अशी सोय होती. मोजा, पडताळा, मग पैसे द्या, ही पद्धत वाजवी आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की या मोजणीतून निघालेला आकडा नेमका कशाची साक्ष देतो?

थोडे गणित करू. वर्षाचे तास ८,७६०. नव्याण्णव टक्के म्हणजे उत्तम कामगिरी, असे कोणालाही वाटेल. उरलेला एक टक्का म्हणजे ८७.६ तास. यंत्राच्या दृष्टीने रात्रीचे दोन आणि दुपारचे दोन सारखेच; ते चोवीस तास हाक ऐकते आणि चोवीस तासांची टक्केवारी देते. पण तहसीलची खिडकी चोवीस तास उघडी नसते. हे ८७.६ तास सगळेच्या सगळे कामाच्या वेळेत पडले, तर आठ तासांचा दिवस धरून जवळजवळ अकरा दिवस ती खिडकी असून नसल्यासारखी होते. अहवालात तरीही नव्याण्णव टक्केच राहतात, आणि त्या आकड्यात तसूभरही खोटे नसते.

आता सोळा तालुक्यांची सरासरी काढू. कल्पनेपुरते समजा, एका महिन्यात पंधरा तालुके शंभर टक्के चालू राहिले आणि एकटा झरी जामणी चौऱ्याऐंशी टक्क्यांवर राहिला. जिल्ह्याची सरासरी बरोबर नव्याण्णव येते. पण त्या एका तालुक्यात महिन्याच्या ७२० तासांपैकी ११५ तास, म्हणजे जवळपास पाच अहोरात्र, जाळे बंद होते. आणि हा तालुका कोणता? जिथे कोलामांचे पोड आहेत आणि तालुक्याच्या गावी जाऊन येण्यातच माणसाचा दिवस जातो, तो. सरासरीला अंतर कळत नाही आणि बुडालेली मजुरीही कळत नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पैसेवारीचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, एवढ्या एका आकड्यावर गावाचा दुष्काळ वर्षानुवर्षे ठरत आला. गावाची पैसेवारी बावन्न निघाली की, ज्याच्या शेतात कापसाच्या पराट्याच उरल्या त्याचे शेतही कागदावर पिकलेले असते. अपटाइमचा आकडा हा त्याच पैसेवारीचा शहरी भाऊ आहे.

खिडकीवरची भाषा मात्र वेगळी आहे. तिथे टक्के नसतात. तिथे 'लिंक नाही', 'सर्व्हर डाऊन आहे', 'उद्या या' ही तीन वाक्ये असतात. २०१७ साली कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, तेव्हा ही वाक्ये महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरोघरी पोचली. जून २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीची घोषणा झाली, आणि त्यानंतर जुलै ते सप्टेंबर या ऐन शेतीच्या दिवसांत नवरा-बायको जोडीने केंद्रावर जाऊन अंगठे देत होते. कुठे अंगठा उमटेना, कुठे संकेतस्थळ उघडेना. लोकांनी केंद्रांसमोर रात्री काढल्या. मुदतही वाढवावी लागली. आता विचार करा, त्या दिवसांत एखाद्या केंद्रातला संगणक मध्यवर्ती यंत्राच्या प्रत्येक हाकेला ओ देत असेल, तर अहवालात तो शंभर टक्के चालू. मध्ये कुठे तार तुटली नाही, संगणकही पडला नाही. अडले ते पलीकडच्या सर्व्हरवर, अर्जांच्या गर्दीत किंवा घासून गुळगुळीत झालेल्या बोटांवर. पण रांगेतल्या बाईसाठी यंत्र बंदच होते. एकाच क्षणी, एकाच टेबलावर, 'चालू आहे' आणि 'बंद आहे' ही दोन्ही वाक्ये खरी होती.

इथे कोणी म्हणेल, यात अहवाल लिहिणाऱ्याचा काय दोष? त्याला जाळे मोजायला सांगितले, त्याने जाळे मोजले. त्याने जे पाहिले नाही त्याची गवाही त्याने का द्यावी? हा आक्षेप पोकळ नाही. अशा करारांत बहुधा काही गोष्टी वगळलेल्या असतात. ठरवून केलेली देखभाल वगळतात, वीज गेल्यामुळे बंद पडलेला काळ वगळतात. चालकाला दंड लावायचा असेल तर हे वगळणे न्यायाचेच आहे. भारनियमन त्याने केलेले नाही, मग त्याचा भुर्दंड त्याने का सोसावा? परंतु तोच आकडा जेव्हा 'जिल्ह्यातील सेवा नव्याण्णव टक्के सुरळीत' या वाक्यात जाऊन बसतो, तेव्हा त्याचे रूप पालटते. २००० नंतरच्या दशकात विदर्भातल्या खेड्यांनी दिवसाचे अनेक तास वीज नसण्याची वर्षे काढली आहेत. वीज नसलेला काळ हिशेबातून काढून टाकला, तर खेड्यातल्या माणसाच्या अडचणीचा मोठा वाटाच हिशेबातून गेला.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. चालकाचे पैसे कापावेत काय, हा एक. लोकांची कामे झाली काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या समोर ठेवले की ते अप्रामाणिक होते, मग आकडा तोच का असेना. सत्य हे वाक्यात एकटे राहत नाही. ते कोणत्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, यावर त्याचे सत्यपण अवलंबून असते.

आपल्या परंपरेत या प्रकारच्या खोटेपणाला एक नेमका शब्द आहे, 'तदलीस'. व्यापाराच्या शास्त्रात तदलीस म्हणजे मालातला दोष गिऱ्हाइकापासून झाकणे. हदीसच्या शास्त्रात त्याचा अर्थ आणखी बारीक आहे. कथन करणारा खोटे बोलत नाही. पण मधला एखादा दुवा गाळून अशी वाक्यरचना करतो, की ऐकणाऱ्याला वाटावे, याने हे थेट मूळ माणसाकडून ऐकले आहे. 'अमक्याकडून असे आहे' एवढेच तो म्हणतो. 'मी त्याच्याकडून ऐकले' असे म्हणत नाही. हे वाक्य पकडून त्याला खोटारडा ठरवता येत नाही, म्हणून त्या परीक्षकांनी त्याच्यासाठी वेगळा वर्ग केला. अशा माणसाने मोघम शब्द वापरला तर तो स्वीकारायचा नाही. 'मी स्वतः ऐकले' असे त्याने स्पष्ट म्हटले तरच पुढे विचार करायचा. त्याच शास्त्रात कथन करणाऱ्याकडून दोन गुण मागितले जातात. एक सचोटी, दुसरा अचूकपणा. नुसता सज्जन माणूस पुरत नाही, त्याची स्मरणशक्ती पक्की हवी. नुसती पक्की स्मरणशक्तीही पुरत नाही, माणूस सचोटीचा हवा.

संगणकाकडे अचूकपणा भरपूर आहे. सचोटी त्याच्याकडे नसते आणि तिचा अभावही नसतो, कारण तो त्याचा प्रांतच नाही. सचोटी लागते ती यंत्राच्या आकड्याचे वाक्य करणाऱ्या माणसाकडे. यंत्राने सर्व्हरला सांगितले, सर्व्हरने चालकाला, चालकाने तालुक्याला, तालुक्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने मंत्रालयाला. ही कथनाची साखळीच आहे. हिच्या प्रत्येक कडीवर काहीतरी गळत जाते. आधी तास गळतात, मग तालुक्याचे नाव गळते, मग 'वीज वगळून' हे दोन शब्द गळतात. शेवटी हिरव्या रंगातला एक आकडा उरतो. साखळीत कोणीही खोटे बोललेले नसते आणि शेवटचे वाक्य मात्र खोटे असते.

हाच आकडा माणसांवर उलटतो तेव्हा काय होते, तेही पाहावे. अनेक कचेऱ्यांत कोणाचा संगणक किती वेळ चालू होता, याचा तक्ता वरिष्ठांपुढे जातो. त्यावरून कोण किती काम करतो याचे अंदाज बांधले जातात. ज्याने संगणक लावून ठेवला आणि चहाला गेला, तो तक्त्यात कष्टाळू. जी कारकून बाई दिवसभर जुन्या दप्तरातून नोंदी शोधत बसली, ती आळशी. यंत्राच्या जागेपणावरून माणसाचे जागेपण ठरवले की असा घोळ होणारच. त्यात तांत्रिक खाचा आणखी आहेत. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज आठपासून 'जलद सुरुवात' नावाची सोय आली. ती चालू असेल तर संगणक बंद करताना त्याचा गाभा पूर्ण बंद होत नाही; त्याची अवस्था साठवून ठेवली जाते. त्यामुळे चालू-वेळेचा आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. एखादा नेमस्त कर्मचारी रोज संध्याकाळी संगणक बंद करून घरी जातो, आणि अहवाल सांगतो की याचा संगणक वीस दिवसांत एकदाही बंद झालेला नाही. आता यंत्र खरे की माणूस? यंत्र त्याच्या व्याख्येप्रमाणे खरे आहे, माणूस त्याच्या कृतीप्रमाणे. ती व्याख्या ज्याला माहीत नाही अशा साहेबाच्या हाती तो तक्ता गेला, की खुलासा मागवला जातो माणसाकडे.

दुसरी खाच आणखी गमतीची आहे. जाळ्यातली यंत्रे आपली चालू-वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, आणि ती संख्या बत्तीस अंकी द्विमान चौकटीत साठवतात. ही चौकट सुमारे ४९७ दिवसांनी भरते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. सव्वा वर्षाहून जास्त काळ अखंड राबलेले यंत्र एका सकाळी अहवालात नवजात दिसते. उलट, दीर्घकाळ बंद न पडणे हा नेहमी गुणच असतो असेही नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे संगणक ठप्प केले. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. अशा दुरुस्त्या लागू व्हायला बहुधा संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शंभर टक्के चालू राहिल्याचा अभिमान हा कधीकधी औषध न घेतल्याचा अभिमान असतो.

यंत्राच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर गोष्टी कुठवर जातात, याचे उदाहरण इंग्लंडने घालून दिले आहे. तिथल्या डाकघरांत 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली होती. तिच्या हिशेबात तूट दिसली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरेदारे गेली. संगणक नीट चालत होता असे गृहीत धरण्याकडे तिथल्या कायद्याचा कल होता. तो नीट चालत नव्हता, हे दाखवून देण्याचा भार सामान्य डाकपालावर पडत होता. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्या कायद्याने या बाबतीत निराळी वाट धरली, हे नोंदवायला हवे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. संगणकातला दस्तऐवज पुरावा म्हणून द्यायचा असेल, तर त्या काळात तो संगणक व्यवस्थित चालू होता, आणि मध्ये बंद पडला असेल तर त्याचा त्या नोंदीवर परिणाम झालेला नाही, असे प्रमाणपत्र जबाबदार व्यक्तीने सही करून द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे. नीट पाहिले तर हा चालू-वेळेचा अहवालच आहे. फरक एवढाच की त्याच्याखाली माणसाची सही आहे. यंत्राची गवाही घेण्याआधी कायदा म्हणतो, हिच्यामागे कोण उभा आहे ते सांगा.

आणि ही सही किती जड असते, हे आपल्या मराठवाड्यातल्याच एका खटल्याने दाखवले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवारी अर्ज वेळेत आले की उशिरा, हा मुद्दा होता, आणि निवडणूक कचेरीतले चित्रीकरण हा पुरावा. पुन्हा पुन्हा मागूनही त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र मिळाले नाही. जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्राची अट सक्तीचीच ठेवली. पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले, त्याला अशक्य गोष्टीची शिक्षा देता येणार नाही, असेही सांगितले. यंत्राने पाहिले होते. पाहिल्याची जबाबदारी घ्यायला मात्र माणूस पुढे येत नव्हता.

मला वाटते, चालू-वेळेच्या अहवालाच्या नीतीचे सार इथे आहे. आकडा यंत्राचा असतो, साक्ष माणसाची असते. म्हणून साक्ष देणाऱ्याने आकड्याबरोबर तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत: मी काय मोजले, कुठे उभे राहून मोजले, आणि काय वगळले. 'तालुक्यापर्यंतचे जाळे, चोवीस तासांच्या हिशेबाने, वीज वगळून, नव्याण्णव टक्के' हे वाक्य लांबलचक आणि कुरूप आहे, पण ते इमानाचे आहे. 'सेवा नव्याण्णव टक्के सुरळीत' हे सुटसुटीत आहे, आणि ती तदलीस आहे.

याला जोडून एक रकाना हवा, जो कोणतेही मध्यवर्ती यंत्र भरू शकत नाही. आज किती माणसे काम न होता परत गेली आणि कोणत्या कारणाने, एवढाच तो रकाना. तो खिडकीवरच्या माणसाने भरायचा. त्याला तंत्रज्ञान लागत नाही, साधी वही पुरते. अशी वही ठेवणे कोणालाही आवडणार नाही, हे मला कळते. चालकाला ती अडचणीची, साहेबाला ती गैरसोयीची, आणि खिडकीवरच्या तरुण पोराला तर ती धोक्याची. कारण परत गेलेल्या माणसांचा दोष आधी त्याच्याच माथी येईल. म्हणूनच ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. ज्या साहेबाला तक्त्यात फक्त हिरवा रंग आवडतो, त्याला खरी गवाही कधीच मिळणार नाही. लाल रंग दाखवणाऱ्याची खरडपट्टी काढणारा अधिकारी तदलीसचा अर्धा भागीदार असतो. साक्ष झाकणारा जितका जबाबदार, तितकाच साक्ष झाकायला लावणारा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा टक्क्यांसाठी केवढा हा ऊहापोह! सगळेच काही बंद नाही. डिजिटल सहीचा सातबारा आता घरबसल्या निघतो, तलाठ्याच्या मागे फिरणे कमी झाले, हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. नव्याण्णव टक्के वेळ चालणारी यंत्रणा वाईट नसते. पण उरलेला एक टक्का सगळ्यांत सारखा वाटला जात नाही. ज्याच्या घरी संगणक आहे तो दुपारी नाही तर रात्री दाखला काढतो. त्याच्या वाट्याला तो एक टक्का येतच नाही. तो साचतो मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दूरच्या तालुक्यात, आणि कापूस वेचणीची मजुरी बुडवून आलेल्या बाईच्या पदरात. तिच्यासाठी तो दिवस शंभर टक्के बंद असतो. तिच्या परत जाण्याची नोंद जोवर कुठल्याच वहीत नाही, तोवर आपल्या नव्याण्णव टक्क्यांची साक्ष अपुरी आहे, आणि ती अपुरी आहे हे त्याच कागदावर लिहिणे ही अहवाल लिहिणाऱ्याच्या हाती असलेली पहिली सचोटी आहे.